त्रेचाळीस आया, एक चिठ्ठी

"पुढचा प्रश्न," म्हणत पाहुण्या फादरांनी पेटीत हात घातला, तेव्हा चर्चमधली निम्मी माणसं पेंगत होती आणि उरलेली निम्मी कोण पेंगतंय ते बघत होती.

उपवासकाळातल्या रिट्रीटची ती तिसरी संध्याकाळ. रिट्रीट म्हणजे ईस्टरच्या आधी तीन दिवस बाहेरगावचा एखादा विद्वान धर्मगुरू बोलवायचा आणि त्याने आमची पापं आम्हाला नव्याने समजावून सांगायची. बाहेरगावचा अशासाठी, की गावच्या फादरांना पापं नावानिशी ठाऊक असतात आणि मग प्रवचनात काही मजा उरत नाही. शेवटचा अर्धा तास प्रश्नपेटीचा. ज्याला जे विचारायचं ते त्याने निनावी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं, फादर सर्वांसमोर उत्तर देणार.

पहिल्या तीन चिठ्ठ्या नेहमीच्याच निघाल्या. शुक्रवारी मटण वर्ज्य, पण रश्शातला बटाटा चालतो का? टीव्हीवर पौराणिक मालिका बघितली तर फादरांजवळ पापांच्या कबुलीत सांगावं लागतं का? शेजाऱ्याने दर वर्षी वीतभर कुंपण सरकवलं तर किती वितींपर्यंत क्षमा करायची? फादरांनी बटाट्याला परवानगी दिली, मालिकेला दिली नाही आणि कुंपणाच्या बाबतीत सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलं. इनास दादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, "तोवर तो माझ्या ओटीवर येईल."

चौथी चिठ्ठी फादर वाचू लागले आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज उतरला. पण माइक चालू होता आणि माणूस तोंडाला लागलेलं वाक्य अर्ध्यावर टाकत नाही. त्यांनी पुरी वाचली.

"तिसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. डॉक्टर म्हणाले, चौथं झालं तर वाचणार नाही. ऑपरेशन करून घेतलं. कबुलीला गेले. फादर म्हणाले, पश्चात्ताप हवा. मला पश्चात्ताप होत नाही, कारण मी जिवंत आहे. खोटा पश्चात्ताप सांगून कम्युनियन घेऊ, की खरं बोलून बसून राहू? चार वर्षं बसले आहे. या मेमध्ये माझ्या थोरल्या लेकराचं पहिलं कम्युनियन आहे. मी त्याच्याबरोबर वेदीपाशी जाऊ की नको?"

चर्चमध्ये पंखे तेवढे फिरत होते. पेंगणारे जागे झाले होते. फादरांनी चिठ्ठीची घडी केली, पुन्हा एक घडी केली, आणि ती झग्याच्या खिशात टाकली.

"या प्रश्नाचं उत्तर मी खासगीत देईन. ज्या भगिनीने लिहिलं आहे तिने मला येऊन भेटावं."

कोणी भेटायला गेलं नाही. नाव लपवून चिठ्ठी टाकणारी बाई अख्ख्या गावादेखत फादरांच्या दारात जाऊन उभी राहील, ही अपेक्षा डॉक्टरेट केलेला माणूसच करू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघून गेले. चिठ्ठी जाताना आमच्या फादरांच्या हवाली करून गेले.

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे चर्चच्या कारभाराला मान डोलावणाऱ्या मंडळाचा, सचिव होतो. नोकरी टेलिफोन खात्यात. गाव वसईच्या पश्चिमेला, समुद्र आणि भाजीच्या वाड्या यांच्या मधलं. मूल न होण्याचं ऑपरेशन चर्चच्या लेखी पाप, आणि पश्चात्ताप केल्याशिवाय कम्युनियन, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत वेदीपाशी घ्यायचा ख्रिस्तप्रसाद, घेता येत नाही. ऑपरेशन म्हणाल तर आमच्याही घरी झालं होतं, तिसऱ्यानंतर, चार वर्षांपूर्वीच. पण तसं ते गावात दर दुसऱ्या घरी झालं होतं आणि आमच्याकडे सगळं सुरळीत होतं. माझी बायको इमेल्डा दर रविवारी आठच्या मिस्सेला, म्हणजे त्या प्रार्थनेला, माळ्यावर गायनमंडळात कीबोर्ड वाजवायची. मी खाली तिसऱ्या बाकावर असायचो. आमच्या थोरल्या जॉयसचं कम्युनियनही त्याच मेमध्ये होतं. तेव्हा त्या संध्याकाळी मी त्या कोण्या अभागी बाईची मनापासून कीव करत घरी आलो.

इमेल्डा धाकट्याला ताप म्हणून घरीच राहिली होती. "काय विचारलं लोकांनी?" तिने ताट वाढता वाढता विचारलं.

मी सांगितलं.

"मग? उत्तर काय दिलं?"

"खासगीत देणार म्हणाले."

"म्हणजे नाही दिलं."

"कोण असेल गं?"

"आमटी अजून घेणार?" इमेल्डा म्हणाली.

आमच्या फादर लिओनार्डनी मला दुसऱ्या दिवशी सकाळीच बंगल्यावर बोलावलं. ते आमच्याकडे येऊन आठ महिने झाले होते. त्याआधी नऊ वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, चर्चचा कायदा शिकवत होते. उंच, सडसडीत, इस्त्रीची घडी न मोडलेला माणूस. गावात पाय ठेवल्याबरोबर त्यांच्या हातात एक निवेदन पडलं होतं: कौन्सिल निवडणुकीने नेमावं, कम्युनियन वाटायला बायकांनाही घ्यावं आणि मुलं किती, हा प्रश्न नवरा-बायकोच्या सदसद्विवेकावर सोडावा. खाली प्रापंचिक जागर मंच या गावातल्याच संघटनेचं नाव आणि एकशे बारा सह्या. तेव्हापासून फादरांना गावात काहीही हललं की त्यामागे मंच दिसायचा. चर्चची घंटा एकदा दोन मिनिटं उशिरा वाजली, तेव्हाही त्यांनी मला विचारलं होतं, घंटा वाजवणारा कोणाचा नातेवाईक?

"बसा, सिरिल. दार लावून घ्या."

टेबलावर चिठ्ठी होती. शेजारी माझी, कौन्सिलच्या सभांचं इतिवृत्त लिहिण्याची, वही उघडून ठेवली होती.

"बघा आणि काय दिसतं ते सांगा."

मी बघितलं. अक्षर माझं होतं. तोच उजवीकडचा कल, तीच शिरोरेघ, आणि दोडक्याच्या वेलीचा तणावा असावा तसा 'ळ'चा फाटा.

"फादर, मी लिहिलेली नाही."

"मग हे काय आहे?"

"सांतान मास्तर आहेत."

फादरांनी पेन उचललं. "आडनाव?"

मग मला सगळं सांगत बसावं लागलं. सांतान मास्तरांनी गावच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. व्याकरणाचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं, पण अक्षर वाकडं आलं तर पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. त्यामुळे गावात तिशीच्या पुढचं कोणीही लिहायला बसलं की सांतान मास्तरच लिहितात. लग्नपत्रिकांचे मसुदे, दुकानाच्या याद्या, भावाभावांतल्या भांडणाच्या नोटिसा, सगळं एका हातचं.

फादरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी कपाटातून पहिल्या कम्युनियनचे अर्ज काढले. त्रेचाळीस मुलं, त्रेचाळीस अर्ज, बहुतेक आयांनीच भरलेले. आम्ही दोघं एकेक अर्ज चिठ्ठीशेजारी धरून बघत बसलो. पाच अर्ज निराळे निघाले. त्या सुना बाहेरगावच्या. अडतीस हुबेहूब.

फादर खुर्चीत मागे रेलले. "अडतीस," ते म्हणाले. "म्हणजे हे संघटित आहे. हे अर्ज कोणी तरी एकानेच भरून दिलेत."

"एकाने भरले नाहीत, फादर. एकाने शिकवलेत."

"हे मास्तर मंचात आहेत?"

"दफनभूमीत आहेत. नऊ वर्षं झाली."

फादरांनी पेन खाली ठेवलं. "एक सांगा. खरंच एखादी आई अडचणीत असती, तर ती मला येऊन भेटली नसती?"

ते कसे बसले होते ते मी पाहिलं. ताठ, बंद दाराआड, चार बोटं कपाळाला लावून. "भेटली असती," मी म्हणालो.

"मग? ही चिठ्ठी मला खिंडीत गाठायला लिहिलेली आहे. जा म्हटलं तर मी कायदा मोडला. नको म्हटलं तर मी एका आईला वेदीवरून हाकललं. हे आईचं डोकं नाही, हे सभेचं डोकं आहे. रविवारी मंचाची बैठक आहे ना? तुम्ही जा. काही बोलू नका. कान उघडे ठेवा."

प्रोफेसर ह्यूबर्ट घोन्साल्विस मंचाचे निमंत्रक, अध्यक्ष आणि टंकलेखक. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, वय बावन्न, अविवाहित. दुपारी चारला मी त्यांच्या ओटीवर पोहोचलो तेव्हा सात माणसं चहा पीत होती आणि मी दिसताच सातही कप बशीत गेले.

"या, सचिव," ह्यूबर्ट सर म्हणाले. "म्हणजे आज काय बोललो ते फादरांना दिवस मावळायच्या आत कळणार. बरं झालं. पोस्टाचं तिकीट वाचलं."

"मी आपला सहज आलो, सर."

"सहज तर ख्रिस्ताला दगा देणारा यहूदाही जेवायला बसला होता. बस. चहा घे."

चर्चा चिठ्ठीचीच होती. सरांचं मत पक्कं झालं होतं: चिठ्ठी फादर लिओनार्डनी स्वतः टाकली. "बघा ना, आपण निवेदनात जे म्हटलं तेच बरोबर चिठ्ठीत आलं. आता ते म्हणणार, हे मंचाचं काम. मग मंचावर बंदी. सिरिल, तू चिठ्ठी पाहिलीस. अक्षर कसं आहे?"

"आपल्यासारखं."

"आपल्या म्हणजे कोणाच्या?"

"तुमच्या, माझ्या, या सगळ्यांच्या."

"बघा!" सर उभेच राहिले. "अक्षरसुद्धा आपलं काढलंय! केवढी तयारी!"

कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर ज्युली काकू बसल्या होत्या. मंचातली एकुलती एक बाई. दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या, गावातली निम्मी बाळंतपणं त्यांनी जवळून पाहिलेली. "अरे पण," त्या म्हणाल्या, "त्या बाईला सांगायचं काय? तिने जायचं की नाही?"

"काकू, बाई असेल तर ना!"

"असली तर?"

"आधी आपली भूमिका ठरू दे," सर म्हणाले.

भूमिका ठरायला सव्वा तास लागला. सापळा म्हणून चिठ्ठी नाकारावी, असं चौघांचं म्हणणं. तिघांचं म्हणणं, गावातल्या बायका विहिरीपासून बाजारापर्यंत तेच बोलतायत, मग असली चिठ्ठी सोडायची कशाला? शेवटी सरांनी तोडगा काढला. चिठ्ठी फादरांची असो नाही तर सैतानाची, मंचाने ती आपली म्हणून जाहीर करायची. सापळा लावणाऱ्याच्या हातून सापळाच काढून घ्यायचा. पत्रकाचा मथळा तिथेच ठरला: 'होय, ती चिठ्ठी आमची!' खाली निमंत्रकांची सही.

"सही तुझी?" ज्युली काकूंनी विचारलं.

"अर्थात."

"ह्यूबर्टा, तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचलास आणि गावाला कळवलंसुद्धा नाहीस? मी मेथीचे लाडू घेऊन आले असते रे."

सगळे हसले. सरही हसले, पण थोडे उशिरा. "काकू, प्रातिनिधिक अर्थाने आहे ते."

"हो, पण त्या बाईला सांगायचं काय?"

"ते पुढच्या बैठकीत घेऊ," सर म्हणाले आणि इतिवृत्तात तशी नोंद करायला सांगितली. नोंद करणाऱ्याचं अक्षर मी वाकून बघितलं. सांतान मास्तर.

मी सगळं फादरांना जाऊन सांगितलं. पत्रक निघालं ते त्यांनी माझ्याच हातून मागवून घेतलं. ते वाचताना त्यांच्या कपाळावरची आठी माझ्यादेखत सुटली. मला वाटतं, रिट्रीटनंतर त्या रात्री त्यांना पहिल्यांदा झोप लागली असावी. पुढच्या रविवारी ते प्रवचनाला उभे राहिले आणि पत्रक उंच धरलं.

"बंधुभगिनींनो, दीड आठवडा या गावात एका मातेच्या अश्रूंची चर्चा चालली होती. ती माता अस्तित्वात नाही. ती चिठ्ठी एका गटाची होती, आणि त्या गटाने तसं छापून कबूल केलं आहे. प्रश्न प्रामाणिक नव्हता. तेव्हा त्याला उत्तर द्यायचं कारण उरलेलं नाही."

माझ्या मागच्या बाकावर कोणी तरी "हं" केलं. मला तर हलकंच वाटलं. चोर सापडला होता, चोराला आनंद झाला होता, फादरांना आनंद झाला होता आणि कौन्सिलच्या पुढच्या सभेला विषय उरला नव्हता. कम्युनियनची वेळ झाली. मी रांगेत गेलो, घेतलं, परत आलो, गुडघे टेकले आणि डोळे मिटले.

डोळे मिटले की मला कानाचंच काम उरतं. टेलिफोनच्या लाइनवर पंधरा वर्षं काढलेला माणूस आवाज ऐकत नाही, आवाज कुठे तुटतो ते ऐकतो. माळ्यावर गाणं चाललं होतं. गायनमंडळातले लोक कम्युनियनला दोघं-तिघं करून जिन्याने खाली येतात; तसे ते येत होते, आणि त्यांचे त्यांचे आवाज गाण्यातून गळत होते, परत येऊन मिसळत होते. खालच्या पट्टीत गाणारे आल्टो गेले, आले. फिडलवाला बस्त्याव गेला, आला. कीबोर्ड वाजत होता. रांग संपली. फादरांनी पात्र पुसून ठेवलं. कीबोर्ड वाजत होता. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत लाइन एकदाही तुटली नाही.

कीबोर्डला दोन हात लागतात. ते हात जिन्याने खाली आले की कीबोर्ड थांबतो. इतकं सोपं होतं.

मिस्सा संपल्यावर लोक पटांगणात पत्रक वाचत उभे होते. मी कोणाशी न बोलता घरी गेलो.

इमेल्डा मागच्या दारी पाटावर बसून करंदी सोलत होती. मुलं आजीकडे होती. मी उंबऱ्यावर बसलो.

"आज कीबोर्ड थांबला नाही," मी म्हणालो.

"का थांबेल? परवाच दुरुस्त केलाय."

"कम्युनियनच्या वेळी म्हणतोय."

तिने मान वर केली नाही. एक करंदी सोलली, डोकं एकीकडे टाकलं, दुसरी घेतली. "कान चांगले आहेत तुझे. चार वर्षांत ऐकू आलं."

"ती चिठ्ठी तू लिहिलीस?"

"मी असं समजत होते. आज फादर म्हणाले, मी अस्तित्वात नाही. मी ह्यूबर्ट सर आहे."

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर चौथ्या दिवशी. तू म्हणालास, मला काय कळतं त्यातलं, फादरांना विचार. त्या वेळच्या फादरांना विचारलं. ते म्हणाले, आधी पश्चात्ताप कर आणि नवऱ्याशी बोल. मग पेटीच उरली."

मी जे बोललो ते आज लिहायलाही लाज वाटते, पण बोललो. "एक वाक्य तर म्हणायचं होतं. झाला पश्चात्ताप, म्हणायचं. सगळेच म्हणतात."

तिचा हात थांबला. "काय म्हणू? मेले असते तर बरं झालं असतं, असं? पश्चात्ताप म्हणजे तेच ना? आणि ते सांगून झालं की वर जाऊन कीबोर्ड वाजवू?"

मी सोललेल्या करंदीचं ताट उगाच तिच्याकडे सरकवलं.

"सिरिल, दवाखान्यातल्या त्या कागदावर सह्या किती होत्या?"

"दोन."

"पहिली कोणाची?"

मला आठवत होतं. तिला ग्लानी होती. डॉक्टर घाई करत होते. मी सही केली, मग तिच्या बोटांत पेन धरून दिलं.

"बरोबर केलंस तू," ती म्हणाली. "माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच रविवारी तू कम्युनियनला गेलास. मी खाटेवर होते. आई कौतुकाने सांगत आली, जावई रांगेत सगळ्यात पुढे होता. तेव्हापासून दर रविवारी मी वरून बघते. तुझं टक्कल दिसतं रांगेत. दर वेळी वाटायचं, आज तरी हा थांबेल. जाऊ नये असं नाही म्हणत मी. पण थांबेल, एवढ्यापुरतं. विचार करायला."

मी विचार कधी केलाच नव्हता. कबुलीला दर पहिल्या शुक्रवारी जायचो. राग आला, रोजरीची माळ चुकली, साहेबाशी खोटं बोललो, असलं सांगून यायचो. ऑपरेशन माझ्या यादीत नव्हतं. चांगलं म्हणून नव्हतं की वाईट म्हणून नव्हतं, असंही नाही. ते इमेल्डाचं ऑपरेशन होतं.

"अकरा दिवस झाले," ती पुन्हा सोलायला लागली. "फादर, तू, मंच, सगळे मिळून चिठ्ठी कोणाची ते शोधत होतात. तिला उत्तर काय द्यायचं, यावर किती वेळ बोललात?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "अर्धं मिनिट झालं असेल."

"कोण बोललं?"

"ज्युली काकू."

"तिला यातली वाटीभर करंदी नेऊन दे," इमेल्डा म्हणाली.

करंदी मी नेऊन दिली आणि तिथून तसाच फादरांच्या बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत प्रार्थनेचं पुस्तक वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, चिठ्ठी माझ्या घरची आहे.

फादरांनी पुस्तकात बोट घातलं. "ह्यूबर्टने पाठवलं तुम्हाला?"

"नाही, फादर."

"पत्रक अंगाशी आलं, म्हणून आता आई दाखवायला हवी. आणि आई कोणाची, तर सचिवाची बायको. म्हणजे मी तोंडच उघडू नये."

"माझी बायको मंचात नाही."

"तुम्ही त्यांच्या बैठकीला गेला होतात."

"तुम्ही पाठवलंत म्हणून."

"हो," फादर म्हणाले. माणूस आपणच बांधलेल्या भिंतीला चाचपून दार शोधतो, तसं त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी चाललं होतं. "त्यांचंही अक्षर सांतान मास्तर?"

"तिचंही. आणि फादर, त्या ऑपरेशनच्या कागदावर पहिली सही माझी आहे. ती चार वर्षं वर बसून राहते आणि मी दर रविवारी तुमच्या हातून घेतो."

"कबुलीत सांगितलं होतंत?"

"नाही. कोणी विचारलं नाही. मीही मला विचारलं नाही."

"आता मी विचारतो. पश्चात्ताप होतो?"

"सही केल्याचा नाही होत. तिला एकटीला बसू दिलं त्याचा होतो. पण ते कुठल्या आज्ञेत बसतं, मला ठाऊक नाही."

फादर व्हरांड्याच्या पायरीवर बसले. इस्त्री मोडली. "सेमिनरीत मी हा प्रश्न परीक्षेत द्यायचो. दहा गुणांना. हीच परिस्थिती, तीन मुलं, आजारी आई. उत्तर मला पाठ आहे, सिरिल."

"मग काय उत्तर आहे?"

"पाठ आहे," ते पुन्हा म्हणाले. "पेपरातल्या बाईला मूल घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं नसायचं." ते उठले. "आज प्रवचनात बोललो ते मागे घ्यायला हवं. पण घेतलं, तर पुन्हा शोध सुरू होईल आणि या वेळी लोक बरोबर घरी पोहोचतील."

"नका घेऊ."

"घरी सांगा, कम्युनियनच्या दिवशी वेदीवर मीच असेन."

"म्हणजे काय, फादर?"

"म्हणजे मीच असेन."

पुढचे पाच आठवडे आमच्या घरी या एका वाक्याचा कीस पाडला गेला. मला ती धमकी वाटायची. दुसऱ्या दिवशी परवानगी वाटायची.

"देणार नसता तर म्हणाला असता, येऊ नका," इमेल्डा म्हणायची.

"देणार असता तर म्हणाला असता, या."

"तेच म्हणते मी. त्यालाही अजून माहीत नाही."

गावाने मात्र आपलं काम सोडलं नव्हतं. मी त्या रविवारी दुपारी वही न घेता बंगल्यावर गेलो होतो, हे दोन जणांनी पाहिलं होतं. वहीशिवाय गेलो म्हणजे काही तरी नोंदीबाहेरचं असणार. मंचात चर्चा झाली की मी फादरांना फितूर आहे. कौन्सिलमध्ये चर्चा झाली की मी मंचाला फितूर आहे. इनास दादांनी दोन्ही ऐकलं आणि मला कुंपणाच्या भानगडीत मध्यस्थी करायला सांगितलं. दोन्हीकडे वजन असलेला माणूस गावात दुसरा नव्हता म्हणे.

मेचा दुसरा रविवार उजाडला. त्रेचाळीस मुलं पांढऱ्या कपड्यांत, मुलींच्या डोक्यावर मोगऱ्याचे मुकुट. पुढचे बाक त्या दिवशी कुटुंबांसाठी राखलेले असतात. मूल मधे, आई-बाप दोन्हीकडे. नाव पुकारलं की तिघांनी मिळून वेदीपाशी जायचं. आधी मुलाला, मग आई-बापांना. धाकटी दोघं मागे आजीच्या ताब्यात होती. इमेल्डा नवी साडी नेसून बसली होती आणि तिचे हात मांडीवर रिकामे होते. मला तिचे हात मिस्सेत रिकामे पाहायची सवय नव्हती.

फादर लिओनार्ड ताठ उभे होते. एकेक कुटुंब जात होतं, येत होतं. आमच्या आधी सहा नावं उरली. मग तीन.

"जॉयस सिरिल तुस्कानो."

जॉयस टुणकन उठली. इमेल्डा उठली नाही. मीही उठलो नाही.

"ऊठ," इमेल्डा ओठ न हलवता म्हणाली. "मूल उभं राहिलंय."

"तू जा."

"वेडा आहेस का? मी कशी जाऊ?"

"दोघांतल्या एकाने बसायचंच असेल, तर मी बसतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खोटं नाणं दिवसाउजेडी धरून बघावं तसं. मागून कुजबूज सुरू झाली. सचिव बसून राहिला, हे सहाव्या बाकापर्यंत पोहोचायला तेवढा वेळ पुरला. पलीकडच्या रांगेतून ह्यूबर्ट सरांनी मला मूठ आवळून दाखवली. मी मंचात आलो, असं त्यांनी धरलं होतं.

"मग नीट बस," इमेल्डा म्हणाली. "मान खाली घालू नकोस. लोकांना दिसू दे."

आणि ती उठली. जॉयसचा हात धरून चालत गेली. तिच्या दुसऱ्या बाजूला माझी जागा मोकळी होती आणि चालताना तिने ती मोकळीच ठेवली.

फादरांनी जॉयसला कम्युनियन दिलं. मग पात्रातून दुसरा प्रसाद उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. फार वेळ नाही. शेजारच्या माणसाला खोकावंसं वाटलं आणि त्याने खोकणं गिळलं, इतकाच वेळ. त्यांनी इमेल्डाच्या खांद्यावरून बाकाकडे, माझ्याकडे बघितलं. मला सांगितलं होतं तशी मी मान खाली घातली नाही.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

"आमेन."

दोघी परत आल्या. इमेल्डाने गुडघे टेकले, चेहरा ओंजळीत झाकला. खांदे जरा हलले आणि मग स्थिर झाले. जॉयस माझ्याकडे सरकली, मुकुट सावरत. कम्युनियननंतर बोलायचं नसतं, हे तिला वर्षभर शिकवलं होतं. तिने दहा-बारा सेकंद कळ काढली.

"पप्पा, तू का नाही आलास?"

गावाला द्यायला माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तिचा मी नुसता मुकुट नीट करून दिला.

ओंजळीतूनच इमेल्डा म्हणाली, "आज बसायचा नंबर पप्पांचा होता."

जॉयसने विचार केला. तिला हे रास्त वाटलेलं दिसलं. "मग पुढच्या रविवारी तुझा?"

"नाही," इमेल्डा म्हणाली. "माझं बसून झालंय."